औंधचे राजे भवानराव व स्वतंत्रपूरचे बंदिवान

आर्वीकडील आमच्या वाचकांस मोर्शी हे गाव परके नाही. आष्टीवरून पुढे जाऊन वर्धा नदी ओलांडली की तो मुलूख लागतो. सोयरिकी आहेत, संत्र्यांचा व्यापार आहे, आणि सिंभोऱ्यास नदीवर मोठे धरण झाल्यापासून तर केवळ ते पाहावयास म्हणूनही पुष्कळ लोक तिकडे जातात. त्या मोर्शीस एक सरकारी तुरुंग आहे. त्यास खुले कारागृह म्हणतात. ज्या बंदिवानांनी आपल्या शिक्षेचा बराच भाग मोठ्या तुरुंगात भोगला व तेथे ज्यांची वर्तणूक चांगली राहिली, अशांतून निवडून काही जणांस अशा ठिकाणी आणतात. ते शेतात राबतात. त्यांच्यावर पहारा थोडा असतो, आणि पळून जावयाचे कोणी मनात आणलेच तर त्यास अडविण्याजोगा उंच कोट तेथे नसतो. तरी सायंकाळी ते परत येऊन हजेरी देतात.

ह्याच जातीची दुसरी व्यवस्था रजेची आहे. १९५९ साली मुंबई राज्याने बंदिवानांच्या रजेचे नियम केले. वऱ्हाड-नागपूरचा मुलूख त्या वेळी त्याच राज्यात असल्यामुळे ते आपल्याकडेही लागू झाले, आणि पुढे महाराष्ट्र राज्यात अनेक फेरफारांसह चालत आले. त्यांत दोन प्रकार आहेत. घरी मृत्यू, भारी दुखणे किंवा लग्नकार्य असे काही निकडीचे कारण पडले असता जी मिळते ती अभिवचन रजा. आणि काही काळ शिक्षा भोगून झाल्यावर, कारण न सांगताही, घरादाराशी व जगाशी माणसाचा संबंध अगदी तुटू नये म्हणून जी मिळते ती संचित रजा. संचित रजा प्रथम दोन आठवड्यांची होती. मनुष्य ठरल्या दिवशी परत आला म्हणजे ते दिवस शिक्षेतच धरले जातात. मात्र ही रजा मागितली की हाती पडली असे नाही. तुरुंगाचे अधिकारी त्याची वर्तणूक पाहतात, पोलीस गावी येऊन चौकशी करतात, आणि मुख्य म्हणजे कोणीतरी नातलग अगर स्नेही त्याच्याबद्दल जामीन राहावा लागतो.

येथेच गोष्ट आमच्या व वाचकांच्या दाराशी येते. पोलीस विचारपूस करावयास येतात तेव्हा गाव काय सांगते? भाऊ जामिनाच्या कागदावर सही करावयास धजतो काय? आणि रजा मिळून मनुष्य एसटीतून उतरला, तर पारावर बसलेली मंडळी त्यास जागा देतात की उठून जातात? पळून आलेल्या अनेसिमाची हमी घेऊन ज्याने फिलेमोनास पत्र लिहिले, त्या पौलाची गोष्ट आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा वाचली जाते. पण ती वाचणे निराळे, आणि तहसिलीत जाऊन जामीनपत्रावर अंगठा उठविणे निराळे, हे आम्ही जाणून आहो.

बंदिवानास शिक्षा संपण्यापूर्वीच थोडे मोकळे सोडावे, म्हणजे तो सुटल्यावर नीट राहील, हा विचार विलायतेहून आयता आला असे पुष्कळांस वाटते. तिकडेही तो झाला, त्याविषयी पुढे लिहू. परंतु आपल्याच भाषेच्या मुलुखात, नियमांचे ते पुस्तक छापले जाण्याच्या वीस वर्षे आधी, एका लहानशा संस्थानच्या सत्तर वर्षांच्या वृद्ध राजाने तो करून दाखविला. आणि ज्या सालात त्याने तो केला त्याच सालाच्या आरंभी वर्ध्याजवळील सेवाग्रामाशी त्याचा निकट संबंध आला होता. म्हणून त्याचे चरित्र आज थोडक्यात सांगतो.

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी ह्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. लोक त्यांस बाळासाहेब म्हणत. त्यांचे घराणे छत्रपतींच्या वेळेपासून नावाजलेले. किन्हईच्या कुळकर्ण्याच्या घरातून निघालेल्या परशुराम त्र्यंबकांनी मराठ्यांच्या राज्यावरील मोठ्या संकटाच्या काळात पराक्रम करून प्रतिनिधिपद मिळविले, आणि तेव्हापासून ते पद त्या वंशात राहिले. इंग्रजी अमलात सातारचे राज्य खालसा झाले, पण औंध हे संस्थान म्हणून उरले. गावाशेजारी डोंगर, डोंगरावर यमाईचे देऊळ, खाली वाडा. अशा ठिकाणी भवानराव वाढले. त्यांचे शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होऊन ते मुंबई विश्वविद्यालयाचे बी. ए. झाले. त्या काळी संस्थानिकांचे पुत्र पदवी घेण्याच्या खटपटीत सहसा पडत नसत.

गादी त्यांस सरळ मिळाली नाही. ते धाकटे असल्यामुळे आधी वडील बंधू व मग पुतण्या गादीवर आले, आणि अखेर १९०९ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, भवानराव राजे झाले. संस्थान म्हणावयास ते राज्य होते, पण केवढे? सुमारे ५०१ चौरस मैलांचा मुलूख, त्यात बहात्तर गावे. ती तरी एका ठिकाणी कोठे होती! औंधाभोवती काही, आटपाडीकडे काही, कुंडलाभोवती काही, आणि गुणदाळचा तुकडा तर दूर विजापुराच्या बाजूस. मध्ये सगळा इंग्रजी किंवा दुसऱ्या संस्थानांचा प्रदेश. आटपाडीचा महाल म्हणजे माणदेश. पाऊस इतका थोडा की आमच्या वर्धाकाठच्या काळ्या जमिनीत कापूस-तूर पिकविणाऱ्या शेतकऱ्याने तेथील माळ पाहून कपाळास हात लावावा.

राजे स्वभावाने नेमस्त व हौशी होते. पहाटे उठून सूर्यनमस्कार घालावयाचे हा त्यांचा नेम म्हातारपणापर्यंत चालला. त्याविषयी त्यांनी मराठीत व इंग्रजीत पुस्तके लिहिली, आणि संस्थानच्या शाळांतील मुलामुलींस नमस्कार घालणे सक्तीचे केले. कोणतीही चांगली गोष्ट सक्तीने करविण्याविषयी आम्हांस थोडी शंकाच वाटते, आणि औंधच्या पोरांसही पुष्कळदा ती वाटली असेल. ते स्वतः कीर्तन करीत. चित्रे काढीत, रामायणातील प्रसंगांची त्यांची चित्रमाला छापून निघाली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी म्हणून त्यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली, आणि ती आवृत्ती त्या आधारावर उभी राहिली. पंडित सातवळेकरांस त्यांनी औंधात आश्रय दिला. १९३५ साली इंदुरास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९३८ साली औंधच्या डोंगरावर त्यांनी चित्रांचे व शिल्पांचे संग्रहालय उघडले. ते आजही पाहावयास मिळते.

ह्या सर्वांपेक्षा आमच्या विषयास जवळची गोष्ट निराळी आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांचा बेळगावचा कारखान्याचा जागेचा आसरा सुटला. लोखंडी नांगर करणारा हा मनुष्य यंत्रसामग्री घेऊन कोठे जावे ह्या विवंचनेत होता. भवानरावांनी त्यास कुंडल रोड स्टेशनाजवळची माळजमीन दिली, आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन निवडुंगाची व सापांची होती. तिचीच पुढे किर्लोस्करवाडी झाली. त्या उजाड माळावर रात्री पहारा कोणी करावा असा प्रश्न पडला तेव्हा लक्ष्मणरावांनी दरोडे व चोऱ्यांबद्दल शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांस पहारेकरी नेमिले. लोक हसले असतील. परंतु ज्यांची भीती वाटावयाची तेच राखण करू लागले, आणि वाडी निर्धास्त झोपू लागली. राजाने कारखानदारावर विश्वास टाकला, कारखानदाराने चोरांवर टाकला. औंध संस्थानात हे आधी घडून गेले होते, म्हणून पुढची गोष्ट घडू शकली असे आम्हांस वाटते. निदान ती करणाऱ्यांस ह्या उदाहरणाचा धीर आला असला पाहिजे.

१९३८ सालच्या ऑक्टोबरात राजांस सत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या सुमारास त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत विलायतेत शिकून बॅरिस्टर होऊन आले होते व राज्यकारभारात वडिलांस साह्य करीत होते. आप्पासाहेबांनी बंगळुराहून मॉरिस फ्रिडमन नावाचा एक इंजिनियर औंधास आणिला. हा गृहस्थ पोलंड देशातील, ज्यू कुळातील. म्हैसूर संस्थानच्या विजेच्या सामानाच्या कारखान्याचा कारभार पाहत असताना त्याने भगवी वस्त्रे घेतली आणि भारतानंद हे नाव धारण केले. यंत्रे जाणणारा, चरखा सुधारण्याच्या खटपटी करणारा, पैशाविषयी अगदी निरिच्छ असा हा विलक्षण मनुष्य. म्हातारा हिंदु राजा, विलायतेहून परतलेला तरुण पुत्र आणि संन्यास घेतलेला युरोपियन यंत्रज्ञ ह्या तिघांनी मिळून असे ठरविले की, संस्थानचा अधिकार रयतेच्या हाती द्यावयाचा.

इतर संस्थानांत त्या वेळी रयत हक्क मागत होती आणि राजे ते नाकारीत होते. राजकोटात तर त्याच दिवसांत मोठा झगडा चालला होता. येथे राजा आपण होऊन देतो म्हणत होता. गांधीजी तेव्हा आपल्या जिल्ह्यातील सेवाग्रामी राहत. औंधच्या मंडळींनी तेथे येऊन त्यांचा सल्ला घेतला, आणि त्या सल्ल्याने राज्यघटनेचा आराखडा तयार झाला. जानेवारी १९३९ मध्ये ती घटना जाहीर झाली. प्रत्येक गावास निवडलेली पंचायत, पंचायतींतून तालुक्याची सभा, तालुक्यांतून संस्थानची सभा अशी तिची बांधणी होती. राजाच्या खासगी खर्चास मर्यादा घातली गेली. लहानसहान न्यायनिवाडे गावातच पंचांच्या साह्याने व्हावे असे ठरले, म्हणजे गुन्हा ज्यांच्यामध्ये घडला त्यांच्याच समोर त्याचा विचार व्हावा.

गावाने आपला न्याय आपण करावयाचा, असे एकदा ठरले म्हणजे दुसरा प्रश्न आपोआप उभा राहतो. ज्यास शिक्षा झाली त्याचे पुढे काय? तो दोनचार अगर दहा वर्षांनी पुन्हा त्याच गावी यावयाचा. तुरुंगात त्यास घंटेवर उठणे, घंटेवर जेवणे, हुकूम होईल तेवढे काम करणे ह्याची सवय लागते. उद्याची भाकरी कोठून येईल ह्याची काळजी त्यास नसते, बाजारात चार पैसे कसे वाचवावे ह्याचा विचार नसतो, बायकोशी बोलणे नाही, पोराचे दुखणे नाही. अशी सगळी काळजी वर्षानुवर्षे ज्याच्या अंगावरून उतरली, त्याच्यावर सुटकेच्या दिवशी ती एकदम येऊन पडते. मग तो जुन्या सोबत्यांकडे वळला तर नवल काय? पोहावयाचे ज्यास आहे त्यास कोरड्या खोलीत कोंडून एके दिवशी नदीत लोटून द्यावे, तसे हे होते.

फ्रिडमनने राजाजवळ मागणे केले ते असे की, तुरुंगातील काही बंदिवान बाहेर काढून त्यांस शेतीवर ठेवू द्यावे. त्यांच्याभोवती भिंत असू नये, त्यांच्या पायांत बेडी असू नये. भवानरावांनी ते मान्य केले. १९३९ साली आटपाडीजवळच्या माळरानावर ही वसाहत बसली, आणि तिला स्वतंत्रपूर असे नाव मिळाले. बंदिवानांच्या वस्तीस स्वतंत्रांचे गाव हे नाव देणे कोणास थट्टेचे वाटेल. ते नाव ठेवणारांनी ते थट्टेने ठेविले नव्हते.

राजाने येथे काय पणास लावले हे वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. कर्जाऊ दिलेले दहा हजार रुपये बुडाले असते तर पैसा गेला असता. महाभारतास दिलेली देणगी फुकट गेली असती तर लोक हळहळले असते. पण स्वतंत्रपुरातला एक बंदिवान रात्री उठून आटपाडीत जाऊन कोणाचा गळा कापता, तर? त्या मेलेल्या माणसाच्या घरच्यांपुढे राजाने कोणते तोंड दाखविले असते? नव्या राज्यघटनेला जे हसत होते, आणि शेजारच्या संस्थानांत व इंग्रजी दरबारात असे लोक पुष्कळ होते, त्यांस केवढे निमित्त मिळाले असते! रयतेचे राज्य म्हणजे चोरांचे राज्य असे म्हणावयास त्यांस एक रात्र पुरली असती. सत्तरी उलटलेल्या मनुष्याने, ज्याचे नाव सर्वत्र चांगले झाले आहे, त्याने असा धोका पत्करण्याचे काही कारण नव्हते. त्याने तो पत्करला. ह्या एका गोष्टीसाठी आम्ही त्यास त्याच्या चित्रांपेक्षा व नमस्कारांपेक्षा मोठा मान देतो.

वसाहतीची रीत साधी होती. काम शेतीचे. माणदेशात शेती म्हणजे आधी दगड वेचणे, बांध घालणे, पाण्याचा थेंब जपणे. जो मनुष्य रागाच्या भरात कुऱ्हाड उचलून बसला होता, त्याच्याच हातात पुन्हा कुऱ्हाड व विळा द्यावयाचा, आणि देणाऱ्याने त्याच्याकडे पाठ करून दुसरीकडे जावयाचे. ह्या शिक्षणाची सर्वांत मोठी गोष्ट ही की, बंदिवानास आपले कुटुंब तेथे आणून राहता येई. आमच्या मते साऱ्या योजनेचे मर्म ह्यात आहे. पळून जावयाचे ते कोणाकडे? जिच्याकडे पळावे ती तर चुलीजवळ बसली आहे. आणि तुरुंगात गेलेल्याची शिक्षा त्याच्या बायकामुलांनी गावात भोगावी, धन्याचे तोंड पाहावयास मिळू नये, शेत सावकाराकडे जावे, मुलीचे लग्न अडावे, हा जो दुसरा अन्याय कोणत्याही कायद्यात लिहिलेला नसून सर्वत्र चालतो, त्यास तेथे थोडा तरी आळा बसला.

परदेशांत हा प्रयत्न पूर्वी झाला होता, त्याची एक हकिगत सांगितल्यावाचून राहवत नाही. अलेक्झांडर मॅकोनोकी नावाचा स्कॉटलंडचा एक आरमारी अधिकारी होता. तो स्वतः तरुणपणी दोनतीन वर्षे फ्रेंचांच्या कैदेत पडला होता, म्हणजे कोंडून राहणे काय असते ते त्यास ऐकून नव्हे, भोगून ठाऊक होते. १८४० साली ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस समुद्रातील नॉर्फोक बेटावरील बंदिवानांचा कारभार त्याच्याकडे आला. ते बेट क्रूरपणाबद्दल इतके कुप्रसिद्ध होते की तेथील पुष्कळ कैदी मरणास सुटका मानीत. मॅकोनोकीने नियम केला की शिक्षा वर्षांनी मोजू नये, चांगल्या वर्तणुकीच्या व कामाच्या गुणांनी मोजावी. म्हणजे सुटकेची किल्ली थोडीफार बंदिवानाच्याच हाती राहील. त्याच वर्षी मे महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी त्याने दरवाजे उघडून बेटावरील कैद्यांस दिवसभर मोकळे सोडले, त्यांस चांगले जेवण दिले, नाटक करू दिले, रात्री दारूकाम झाले. तुतारी वाजताच सर्व जण शांतपणे आपापल्या ठिकाणी परत गेले. एक दिवसाची ती रजा! पण वरिष्ठांनी त्याबद्दल त्यास शाबासकी दिली नाही. ते रुष्ट झाले, आणि १८४४ साली त्यास तेथून काढण्यात आले. १८६० साली तो वारला. त्याचे विचार वाल्टर क्रॉफ्टनने १८५४ पासून आयर्लंडात चालविले. तेथे सुटकेच्या आधी बंदिवानास लस्क येथील शेतावर थोड्या पहाऱ्यात ठेवीत आणि मग सोडीत.

मॅकोनोकीस जे वरिष्ठांच्या विरोधामुळे पुरते करता आले नाही, ते भवानरावांस करता आले, कारण त्यांच्या राज्यात तेच वरिष्ठ होते. हे आम्ही त्यांचा मोठेपणा कमी करण्यासाठी लिहीत नाही, परंतु खरे ते लिहिले पाहिजे. संस्थान लहान, बंदिवान थोडे. प्रत्येकाचे नाव, गाव आणि गुन्हा कारभाऱ्यांस ठाऊक. नागपूर किंवा येरवड्यासारख्या तुरुंगात, जेथे माणसे शेकड्यांनी येतात, तेथे कोणावर विश्वास टाकावा हे ओळखणारा डोळा आणावयाचा कोठून? रजेवर गेलेले काही लोक ठरल्या दिवशी परत येत नाहीत, काही जण रजेत पुन्हा गुन्हा करतात, हेही घडते. ज्याच्या घरावर गुन्हा घडला त्यास आरोपी रस्त्यात मोकळा दिसला म्हणजे काय वाटते, हा विचार रजेच्या बाजूने बोलणारे पुष्कळदा विसरतात. आम्ही तो विसरू इच्छीत नाही. गुन्हेगाराच्या दारी जाणाऱ्याने त्याच दिवशी दुसऱ्याही दारी जावे, असे आमचे मत आहे. आणि दोन्ही दारी सारखेच बोलता येत नसेल तर नुसते बसून यावे.

पण उलट बाजूचा हिशेबही करावा. ज्यास एकदाही रजा मिळाली नाही, तोही शिक्षा संपल्यावर येतोच. गावाची त्यापासून सुटका नाही. प्रश्न इतकाच राहतो की तो परका होऊन यावा की ओळखीचा राहून यावा. १९४२ सालच्या ऑगस्टात आष्टीस जे झाले, आणि त्यानंतर आष्टी-चिमूरच्या खटल्यांत ज्यांस फाशीच्या शिक्षा झाल्या व पुढे त्या कमी करण्यात आल्या, त्यांच्या आठवणी आर्वीकडील घराघरांत सांगितल्या जातात. तुरुंगातून आलेल्या त्या लोकांस गावांनी हार घातले. ती गोष्ट निराळी होती, हे आम्हांस कळते. ते देशासाठी गेले होते. तरी वर्षानुवर्षे कोंडून राहिलेल्या माणसास पुन्हा घरात बसावयास, मुलांस ओळखावयास, मोकळ्या दारातून न विचारता बाहेर जावयास किती दिवस लागतात, हे त्या घरांतील वडीलधाऱ्यांस विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. हार घातलेल्या माणसाची जर ही स्थिती, तर ज्याच्याकडे कोणी पाहतही नाही त्याची काय असेल?

भवानरावांनी चालविलेले ते राज्य फार दिवस टिकले नाही, टिकावयाचे नव्हतेही. देश स्वतंत्र झाला, आणि ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर औंध मुंबई राज्यात विलीन झाले. ग्रामपंचायतींचे जे काम औंधाने केले होते ते मोठ्या राज्याच्या पसाऱ्यात विरून गेले. आप्पासाहेब देशाचे वकील म्हणून आफ्रिकेत व इतरत्र गेले. वृद्ध राजे १३ एप्रिल १९५१ रोजी वारले. त्यांचे वय ब्याऐंशी वर्षांचे होते. फ्रिडमन मागे राहिला. पुढे तिबेटातून आलेल्या निर्वासितांसाठी त्याने पुष्कळ कष्ट घेतले, आणि अखेर मुंबईस त्याने देह ठेविला.

स्वतंत्रपूर मात्र बुडाले नाही. राजाच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १९५७ साली, व्ही. शांताराम ह्यांनी ह्याच प्रयोगावरून चित्रपट काढला. कथा ग. दि. माडगूळकरांची. ते माणदेशचेच, माडगूळ्याचे, औंध संस्थानच्या शाळांत शिकलेले. ही हकिगत त्यांच्या घरच्या अंगणातली होती. सहा खुनी कैद्यांस घेऊन माळावर राहणारा तुरुंगाधिकारी पुष्कळांनी पडद्यावर पाहिला असेल. बर्लिनच्या महोत्सवातही त्या चित्रास मान मिळाला. चित्रात राजा नाही. ज्याच्या संमतीवाचून एकही बंदिवान दाराबाहेर पडला नसता, त्या म्हाताऱ्याचे नाव प्रेक्षकांस कळतच नाही. आम्हांस त्याचे थोडे वाईट वाटते. खुद्द त्यांस वाटले असते की नाही कोण जाणे.

आटपाडीजवळील ती वसाहत मुंबई सरकारने व मागून महाराष्ट्र सरकारने तुरुंग खात्याखाली पुढे चालविली. चांगल्या वर्तणुकीचे निवडक बंदिवान तेथे पाठवितात, आणि ते आपल्या बायकामुलांस घेऊन तेथे राहून शेती करू शकतात. त्यांच्या घरांस दारे आहेत, आणि ती आतून लावता येतात. शिक्षेचा शेवटचा दिवस आला म्हणजे भांडीकुंडी बांधून, पोरांस पुढे घालून, ते आपल्या गावची गाडी धरतात.